आतेसासूबाईंची ट्रंक आणि १८७०पाशी अडकलेली वंशावळ

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या वाचक मूळच्या नाशिकच्या, आता अटलांटाजवळ राहतात. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याचं मूळ घर साउथ कॅरोलिनात, ब्यूफर्टजवळच्या एका बेटावर. तिथे ८६ वर्षांच्या आतेसासूबाई एकट्या राहतात. गेल्या भेटीत त्यांनी एक पत्र्याची ट्रंक या सुनेच्या हवाली केली. आत घरचं बायबल, अंत्यविधीच्या छापील पुस्तिकांचा गठ्ठा, चर्चमधले पुठ्ठ्याचे पंखे, जमिनीच्या कराच्या पावत्या आणि मागे काहीही न लिहिलेले फोटो. जुलैत घराण्याचा मेळावा आहे. तिथे भिंतभर वंशवृक्ष लावून सगळ्यांना चकित करायचं या वाचकांच्या मनात आहे, पण शोध १८७०पाशी अडकला आहे. एक चुलत दीर म्हणतात, सगळं विद्यापीठाला देऊन टाका. दुसऱ्यांना जमिनीतला आपला हिस्सा विकायचा आहे. नवरा ‘उकरून काय मिळणार?’ म्हणून विषय बदलतो. आणि अकरा वर्षांच्या मुलीनं विचारलंय, “आई, तुझ्या घराण्याच्या बारा पिढ्या माहीत आहेत, मग बाबांच्या पाचच का?” वाचकांचा प्रश्न असा : मी बाहेरून आलेली, हे काम मी करावं का? आणि मुलांना काय सांगू?

प्रिय मैत्रिणी,

‘मी बाहेरून आलेली’ हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. ट्रंक तुम्ही मागितली नव्हती. सख्खे भाचे असताना त्या माउलीनं ती तुमच्या हाती दिली. तेव्हा हक्क आहे की नाही हा वाद त्यांनीच मिटवलाय. उरला प्रश्न हक्क कशाचा एवढाच, आणि माझ्या मते तो लेखनिकाचा. लिहून घ्या, विचारा, जपा, प्रती काढा. घराण्याची गोष्ट काय आहे हे ठरवणं मात्र त्यांच्यावर सोडा. म्हणूनच ‘चकित करण्याचा’ बेत मला पसंत नाही. स्वतःच्या पणजीचं नाव भिंतीवर पहिल्यांदा वाचण्याची वेळ कुणावर येऊ नये, आणि त्या नावापुढे तिची किंमत डॉलरमध्ये लिहिलेली असेल तर मुळीच नाही. जुन्या मिळकतींच्या याद्यांत ती तशीच लिहिलेली असते. त्याकडे पुढे येते.

आधी बारा आणि पाच. तुमच्या बारा पिढ्या बहुधा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून आल्या असणार. ती नावं पुन्हा एकदा वाचा आणि त्यात बायका किती ते मोजा. आजोबांची आजी कोण होती, कुठल्या गावची होती? बहुतेक घरांत ती ओळ कोरी असते. आणि त्या वहीत नाव येण्यासाठी आधी त्या कुंडापर्यंत जाता यायला हवं होतं. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला तो तुमच्याच गावात. आपली वंशावळ लांब आहे कारण ती लिहून ठेवणारी यंत्रणा आपल्या बाजूची होती. त्यात आपल्या पूर्वजांनी आठवण जास्त जपली असा काही भाग नाही. मुलीला निम्मं उत्तर इथेच मिळेल.

उरलेलं निम्मं अमेरिकेच्या जनगणनेत आहे. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी पानं होती. त्यावर मालकाचं नाव, आणि त्याखाली वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण. माणसांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. डिसेंबर १८६५मध्ये घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली आणि १८७०च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नाव, आडनाव, घर, बायकामुलांसह कागदावर आली. तुम्ही ज्या भिंतीला धडकलात ती ही. वंशशोधकांत ती प्रसिद्धच आहे. मुलीला सांगा की त्याआधीही नावं होती, आयांनी ठेवलेली होती, फक्त लेखणी ज्याच्या हातात होती त्यानं ती उतरवली नाहीत. आणि हेही सांगा की मुक्त झाल्याबरोबर या लोकांनी विकली गेलेली आई, ताटातूट झालेला भाऊ शोधायला सुरुवात केली. ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या वर्तमानपत्रांत ते शोधाच्या जाहिराती देत राहिले, पुढे कित्येक वर्षं. बाबांच्या पाच पिढ्या इतक्या खटाटोपातून हाती लागल्या आहेत.

मुलांना आईच्या बाजूनं एक खरा धागा द्यायचा तर तोही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण करून. घरी जरूर सांगा. मेळाव्यात भाषण करून मात्र सांगू नका. तो दिवस त्यांचा आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही झाड वर चढवताय, १८७०च्या पलीकडे. मी म्हणते, आधी ते खाली आणा. ज्या माणसानं ती जमीन पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घेतली तिथून सुरू करा आणि आज हयात असलेल्या शेवटच्या पोरापर्यंत या. हे काम वरच्या शोधापेक्षा रुक्ष वाटेल, पण त्यावर ती जमीन अवलंबून आहे.

त्या किनाऱ्याचा इतिहास थोडा वेगळा आहे. नोव्हेंबर १८६१मध्ये, उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, उत्तरेच्या आरमारानं ब्यूफर्टजवळचं पोर्ट रॉयल जिंकलं. मळेवाले पळाले, गुलाम तिथेच राहिले. सरकारनं थकलेल्या करापोटी मळे जप्त केले आणि १८६३पासून ते विकायला काढले. त्यातले लहान तुकडे, बऱ्याचदा दहा एकरांचे, मुक्त झालेल्या लोकांनी पैसे मोजून घेतले. बाकी किनाऱ्यावर उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मननं जानेवारी १८६५मध्ये चाळीस एकरांपर्यंतची जमीन देण्याचा हुकूम काढला खरा, पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं त्यातली बहुतेक जुन्या मालकांना परत देऊन टाकली. ब्यूफर्टकडच्या अनेक खरेद्या मात्र टिकल्या. तेव्हा ट्रंकेतली सगळ्यात जुनी पावती कोणत्या सालची, कोणाच्या नावाची ते आधी बघा. मग काउंटीच्या खरेदीखतांच्या कचेरीत जाऊन मूळ खताची प्रत काढा.

माझा अंदाज असा की त्या पहिल्या खरेदीदारानं मृत्युपत्र केलं नाही, त्याच्या मुलांनीही नाही. कोर्ट-कचेरी ज्यांच्या बाजूनं कधीच उभी राहिली नाही ते तिथे का जातील? मग जमीन न वाटता सगळ्या वारसांची सामाईक झाली. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, वारसनोंद कुणी केलेली नाही आणि हिस्सेदार चार शहरांत पांगलेले, हे आपल्याला नवीन नाही. तिथे याला वारसांची मालमत्ता म्हणतात. धोका असा की एखाद्या हिस्सेदारानं आपला छोटासा वाटा बाहेरच्याला विकला, तर तो बाहेरचा कोर्टात जाऊन वाटप मागू शकतो. पूर्वी कोर्ट सर्रास म्हणायचं, एवढ्या जणांत तुकडे कसे पाडणार, सगळीच विका. मग लिलाव, आणि लिलावात कवडीमोल भाव. जवळच्या हिल्टन हेड बेटावर १९५६ साली पूल झाला आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांच्या जागी गोल्फची मैदानं आणि फाटकबंद वसाहती आल्या. जमीन हातातून जाण्याचा हा एक मार्ग होता. करथकबाकीचा लिलाव हा दुसरा.

२०१६मध्ये साउथ कॅरोलिनानं यावर कायदा केला. त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. ते राज्याचे सिनेटर आणि पाद्री, २०१५मध्ये चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये झालेल्या हत्याकांडात मारले गेले. या कायद्यानं आधी जमिनीचं मूल्यांकन करावं लागतं. विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते, आणि विकायचीच झाली तर खुल्या बाजारात. म्हणजे वेळ मिळतो. जमीन वाचवायची तर वारसांना पैसे आणि एकी दोन्ही लागतात, ती कायदा देत नाही.

आणि हक्क स्पष्ट करून घ्यायला वकील पहिली गोष्ट काय मागतो? वंशवृक्ष. पहिल्या मालकापासून आजपर्यंतचा प्रत्येक वारस : मुली, लग्नाबाहेरची मुलं, शिकागोला जाऊन पत्ता न ठेवलेले काका, सगळे. तुमच्या वहीतल्या बारा पिढ्यांसारखा, मुलींना गाळलेला, तिथे चालत नाही.

आता तो अंत्यविधीच्या पुस्तिकांचा गठ्ठा काढा. तुम्ही पत्रात त्याच्याबद्दल अर्धं वाक्य लिहिलंय, पण ट्रंकेतली सगळ्यात कामाची वस्तू तीच. कृष्णवर्णीय चर्चमध्ये माणूस गेला की चार-आठ पानी पुस्तिका छापतात. त्यात फोटो, जन्मगाव, आईवडील, कुठलं चर्च, कुठली नोकरी आणि शेवटी मागे कोण कोण राहिलं त्याची यादी असते, लेकींच्या सासरच्या आडनावांसकट, बऱ्याचदा गावांसकट. म्हणजे वारसांची यादी, नातेवाइकांनीच लिहिलेली. अशा पुस्तिकांचं मोल ग्रंथालयांना कळलं आहे. तुमच्या अटलांटातच ऑबर्न अव्हेन्यू रिसर्च लायब्ररीनं त्या जमवून स्कॅन केल्या आहेत. एकदा जाऊन या. त्यांनी माहितीचे कोणते रकाने केलेत ते पाहिलंत की तुमच्या वहीलाही रकाने सापडतील. फक्त एक भान ठेवा. अशा पुस्तिकेत कुणाचं नाव मुद्दाम गाळलेलंही असतं. ते का, हे आतेसासूबाईंना एकटीनं विचारा.

त्यांच्याशी बोलणं हे सगळ्यात आधीचं काम. कागद आणखी दहा वर्षं थांबतील. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असं मात्र म्हणू नका. कुणीही बाई त्यावर ‘काय सांगायचं, बरं गेलं’ म्हणून गप्प होते. गाडीत बसवा, बेटावरच्या रस्त्यानं हळू चालवा आणि विचारा, या घरात कोण राहायचं, या झाडाखाली काय होतं, दवाखाना कुठे होता, बोट कुठून सुटायची. कागदावर नकाशा काढायला लावा. लाल भात कुणाच्या हातचा, जाळी विणायला कोण शिकवायचं, शाळा कुठली. शाळेचा प्रश्न विसरू नका. ब्यूफर्टजवळच्या सेंट हेलेना बेटावर १८६२पासून मुक्त झालेल्यांसाठीचं पेन स्कूल होतं, आणि दक्षिणेत १९१२ ते १९३२ या काळात उद्योगपती रोझनवाल्ड यांच्या निधीच्या मदतीनं जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यात गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतः वर्गणी काढली, लाकूड आणि श्रम दिले. कुणाच्या आजोबांनी खिडक्या बसवल्या हे सरकारी दप्तरात नसतं.

रेकॉर्डिंग फोनवर करा. सुरुवातीला तारीख, जागा, दोघींची नावं बोला आणि परवानगी त्यांच्या तोंडून घ्या. त्या गल्लामध्ये, म्हणजे या किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत, बोलत असतील तर उतरवताना ‘शुद्ध’ इंग्रजी करू नका. या बोलीला वर्षानुवर्षं मोडकं इंग्रजी म्हणून हिणवलं गेलं. लोरेन्झो डो टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात या किनाऱ्यावर हिंडून ध्वनिमुद्रणं केली आणि १९४९मध्ये तिच्यातले आफ्रिकी भाषांचे शब्द पुराव्यानिशी मांडले. जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावच्या एका बाईनं त्याला पाच-सहा ओळींचं गाणं म्हणून दाखवलं होतं. शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. ते सिएरा लिओनमधल्या मेंदे भाषेतलं, मयताच्या वेळी म्हणायचं गाणं निघालं. तिची मुलगी मेरी मोरन हिनं ते आईकडून घेतलं होतं, आणि १९९७मध्ये ती आपल्या कुटुंबासह सिएरा लिओनला जाऊन आली. जनगणनेत नसलेल्या पिढ्या ओलांडून ते गाणं आलं, बायकांच्या तोंडून. म्हणून आतेसासूबाई अर्थ नसलेलं काही गुणगुणत असतील तर फोन चालू ठेवा. घरात हाक मारायची नावंही लिहून घ्या. गल्ला माणसांना कागदावरचं एक आणि घरचं एक अशी दोन नावं असतात, आणि दफनभूमीत विचारपूस करताना घरचंच लागतं.

दफनभूमीत त्यांना सोबत घेऊन जा. प्रत्येक थडग्यावर कोरलेला दगड असेल असं नाही. शिंपले, साधा दगड, मुद्दाम लावलेलं युक्काचं झाड, या खुणा असतात. कोण कुठे आहे हे सांगणारी माणसं थोडी उरलीत. फोटो काढा, नकाशावर नोंदवा, आणि जमिनीच्या मोजणीत ती जागा वेगळी दाखवायला वकिलाला सांगा. फ्लोरिडात टॅम्पामध्ये २०१९ साली झायन नावाची अख्खी कृष्णवर्णीय दफनभूमी इमारतींखाली सापडली. कागदावरून ती कधीच नाहीशी झाली होती.

एवढं झालं की मग वर चढा, हौसेनं चढा. १८५०च्या सुमारास जन्मलेलं कुणी १९१५नंतर वारलं असेल तर साउथ कॅरोलिनाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असू शकतात. म्हणजे तुम्ही भिंतीपलीकडे गेलात. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची शाखा ब्यूफर्टमध्ये होती. १८७४मध्ये बँक बुडाली, लोकांची बचत गेली, पण खातेवह्यांत भाऊबहिणी, आईवडील, कधी जुन्या मालकाचं नावही आहे. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीचं सरकारी खातं असलेल्या फ्रीडमन्स ब्युरोची कागदपत्रं आता ऑनलाइन नावानं शोधता येतात. घरातलं कुणी यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीयांच्या पलटणीत होतं का बघा. पहिल्या पलटणींपैकी एक तिथेच १८६२मध्ये उभी राहिली. विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीत शेजाऱ्यांच्या जबान्या असतात, लग्न कुणी लावलं इथपासून. आडनावावरून मालक शोधायला मात्र जाऊ नका. अनेकांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलंच नाही.

आणि मालक सापडलाच तर त्याच्या मिळकतीच्या यादीत गुरं, नांगर आणि माणसं एकाखाली एक असतील. ते पान आधी नवऱ्याला एकट्याला दाखवा आणि पुढे कुणाला, केव्हा, हे त्याला ठरवू द्या.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात : मेळाव्याची गंमत म्हणून नको. त्यातून गोरे चुलतभाऊ निघतात आणि त्यामागे बहुतेक वेळा कुणा पणजीवरची जबरदस्ती असते. करायची तर मोठ्यांनी, आपापल्या मर्जीनं. मुलांची लाळ पाठवू नका. या धंद्यातल्या एका नामांकित कंपनीनं २०२५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ग्राहकांच्या माहितीचं काय होणार यावर केवढा गोंधळ झाला ते आठवा.

नवऱ्याच्या गप्प बसण्याला तुम्ही अनास्था म्हणता. मला खात्री नाही. दक्षिणेत त्याच्या वडिलांच्या पिढीनं काय काय पाहिलं आणि मुलांना न सांगणं हाच त्यांचा बचाव होता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. साधारण १९१० ते १९७०च्या दरम्यान साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेला, पश्चिमेला गेले. त्यातले सगळेच नोकरीसाठी गेले नाहीत. काही रातोरात गेले. त्याला ‘बोल ना’ म्हणू नका. त्याला काम द्या, तेही भावनेचं नको. जमिनीचा कर सध्या कोण भरतंय, नोटीस कुणाच्या पत्त्यावर येते, एखादं वर्ष चुकलंय का, एवढं शोधायला सांगा. कागद हातात आला की माणूस कधीकधी स्वतःहून बोलतो. नाही बोलला तरी कर भरलेला असेल.

विद्यापीठाला ट्रंक देऊन टाकणं मला घाई वाटते, पण विद्यापीठाकडे पाठ फिरवणंही बरोबर नाही. बेटावर वादळं येतात, घरं भिजतात. मधला रस्ता विचारा : त्यांनी स्कॅन करावं, मूळ वस्तू परत द्याव्या, चांगल्या प्रती तुम्हाला मिळाव्या. दान करायचंच ठरलं तर करारात कोण बघू शकेल, छापायला परवानगी कुणाची लागेल, घरच्यांना प्रती फुकट मिळतील का, हे लिहून घ्या. सही आतेसासूबाईंची, तुमची नव्हे. चार्ल्स्टनचं एव्हरी रिसर्च सेंटर याच इतिहासाचं आहे, तिथेही बोलून बघा. चुलत दिरांना विद्यापीठाचं नाव मोठं वाटतं, पण नातवंडांना गाडीनं जाता येईल अशी जागा मला जास्त मोलाची वाटते.

तोवर ट्रंक माळ्यावर किंवा तळघरात नको, घराच्या आतल्या कोरड्या कपाटात ठेवा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, बॉलपेन नको. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलनं, कडेला. बायबलची पानं ओढून सपाट करू नका.

जुलैसाठी बेत असा बदला. भिंत नको, एक लांब टेबल घ्या. त्यावर निनावी फोटोंच्या क्रमांक घातलेल्या प्रती, अंत्यविधीच्या पुस्तिकांच्या प्रती, पेन्सिली, आणि प्रत्येकानं भरायचा साधा कागद : माझं नाव, आई कोण, वडील कोण, भावंडं कुठे. टेबलावर मुलीला बसवा. अकरा वर्षांच्या मुलीला वडीलधारी माणसं जे सांगतील ते तुम्हाला सांगणार नाहीत. आतेसासूबाईंना शेजारी खुर्ची. चार्ल्स्टनमध्ये सेंटर फॉर एअर्स प्रॉपर्टी प्रिझर्व्हेशन ही संस्था २००५पासून अशाच जमिनींचं काम करते. नवऱ्यानं किंवा दिरांपैकी कुणी आताच फोन करून मेळाव्याआधीची वेळ घ्यावी, तुम्ही करू नका. आणि हिस्सा विकायला निघालेल्या दिरांना टाळू नका. त्यांना पैशांची नड कशासाठी आहे ते आधी कुणीतरी विचारा. पत्रात ते कुठेच आलेलं नाही.